विश्लेषण : जुनी मोटरबोट घेताना नेमके काय तपासावे? गणपतीपुळ्यात पावसाळ्यातले व्यवहार का फसतात?

मे महिना संपता संपता गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरील स्पीडबोटी पाण्याबाहेर येतात. ताडपत्रीखाली झाकलेल्या या बोटींपैकी काही पुढच्या हंगामात जुन्या मालकाकडे परतत नाहीत. ‘बोट विकणे आहे’ असा निरोप किनाऱ्यावर फिरतो, रंगाचा नवा हात मारलेली बोट दाखवली जाते, पिंपातल्या पाण्यात इंजिन सुरू करून त्याचा आवाज ऐकवला जातो आणि व्यवहार ठरतो. खरे चित्र मात्र पाऊस ओसरल्यावर, पर्यटक आल्यानंतर समोर येते. तोवर पैसे हातचे गेलेले असतात. जुनी मोटरबोट ताब्यात घेण्यापूर्वी काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि व्यवहार कसा लिहावा, याविषयी…

पावसाळ्यातच व्यवहार का होतात?

कोकण किनाऱ्यावरील जलक्रीडा साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. या काळात बोट कमावत नाही, पण तिचा खर्च चालू राहतो. कर्जाचे हप्ते, विमा, दुरुस्ती यांचा हिशेब मांडून अनेक मालक याच वेळी बोट विकायला काढतात. घेणाऱ्यालाही दिवाळीच्या सुट्टीआधी बोट हाती हवी असते.

या वेळेचा एक फायदा आहे. बोट किनाऱ्यावर असल्याने एरवी पाण्याखाली राहणारा तळ उघडा दिसतो. मात्र समुद्र खवळलेला असल्यामुळे बोट चालवून पाहता येत नाही. हंगामात उलटे होते. बोट धावताना दिसते, पण तळ पाण्याखाली असतो आणि रोजचा धंदा सोडून ती वर ओढायला मालक सहसा तयार नसतो. म्हणजे पावसाळ्यात तळ दिसतो पण धाव दिसत नाही आणि हंगामात धाव दिसते पण तळ दिसत नाही. जुन्या बोटीच्या बहुतेक फसलेल्या व्यवहारांचे मूळ यात आहे. म्हणून तपासणी एका दिवसात उरकण्याची गोष्ट नव्हे. ती दोन टप्प्यांत व्हावी लागते आणि दुसरा टप्पा होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत.

आधी कागद की आधी बोट?

आधी कागद. कागद अपुरे असतील तर बोट कितीही चांगली असली तरी ती धंद्याला लावता येणार नाही. राज्याच्या किनाऱ्यावरील लहान बंदरे आणि प्रवासी जलवाहतूक यांचे नियमन महाराष्ट्र सागरी मंडळ करते. १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या मंडळाच्या बंदर समूहांपैकी एक रत्नागिरी आहे. अंतर्गत पाण्यात चालणाऱ्या यांत्रिक नौकांसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. सर्वेक्षण, नोंदणी आणि विमा हे या कायद्याचे तीन मुख्य आधार आहेत.

त्यामुळे विकणाऱ्याकडे पहिल्याच भेटीत चार गोष्टी मागाव्यात : नोंदणी प्रमाणपत्र, मुदतीत असलेले सर्वेक्षण प्रमाणपत्र, विम्याची पॉलिसी आणि इंजिनाचे मूळ बिल. नोंदणीवरील नाव आणि विकणाऱ्याचे नाव एकच आहे का, हे पाहावे. वडिलांच्या किंवा भागीदाराच्या नावावरील बोट मुलाने अथवा दुसऱ्या भागीदाराने विकायला काढलेली असेल, तर आधी नावाचा प्रश्न सुटायला हवा. बोटीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल, तर तो फिटल्याचे पत्र हाती घ्यावे. सर्वेक्षण प्रमाणपत्रावर किती माणसांची परवानगी आहे, तेही वाचावे. आठ प्रवाशांच्या कमाईचा हिशेब मांडून सहा प्रवाशांची बोट घेतली, तर तो हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडतो.

आणखी एक गैरसमज नेहमी दिसतो. बोट विकत घेतली म्हणजे त्या किनाऱ्यावर जलक्रीडा चालवण्याचा परवानाही मिळाला, असे गृहीत धरले जाते. बोट ही वस्तू आहे आणि व्यवसायाची परवानगी ही स्वतंत्र बाब आहे. मालकी बदलाची नोंद आणि व्यवसायाची परवानगी, या दोन्हींची चौकशी बंदर कार्यालयात स्वतः जाऊन करावी. ‘ते आम्ही करून देतो’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

इंजिनाच्या क्रमांकाला इतके महत्त्व का?

आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन, चार बोल्ट सोडवले की वेगळे होते. म्हणूनच ते चोरीला जाते, बदलले जाते आणि कागद एका इंजिनाचे व बोटीवर दुसरेच, असा प्रकार घडतो. इंजिनाच्या पट्टीवरील क्रमांक बिलाशी आणि नोंदणीशी ताडून पाहावा. पट्टी उखडलेली, घासलेली किंवा रंगाने झाकलेली असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

सागरी सुरक्षेच्या दृष्टीनेही हा क्रमांक महत्त्वाचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी बोट ताब्यात घेऊन आले आणि शेवटचा टप्पा त्यांनी रबरी होडीने पार केला. त्या होडीच्या यामाहा इंजिनाचा माग तपासात पाकिस्तानपर्यंत पोहोचला होता. त्या हल्ल्यानंतर किनारपट्टीवरील बोटींच्या नोंदणीकडे यंत्रणा अधिक कठोरपणे पाहू लागल्या. बेनामी इंजिन असलेली बोट घेणाऱ्याला उद्या समुद्रात अडवले गेले, तर उत्तर त्यालाच द्यावे लागेल.

फायबरचा तळ कसा तपासावा?

गणपतीपुळ्यात पर्यटकांना फेरी मारणाऱ्या लहान बोटी प्रामुख्याने फायबरच्या असतात. फायबर कुजत नाही, हे अर्धसत्य आहे. वरचा गुळगुळीत थर तडकला की पाणी आत शिरते, थर एकमेकांपासून सुटतात आणि आत प्लायवूड असेल तर ते कुजते. बाहेरून बोट चकचकीत दिसत राहते.

पहिली तपासणी डोळ्यांनी करावी. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा बॅटरीचा झोत पृष्ठभागाला समांतर धरून तळ पाहिला, तर खोलगट भाग, फुगीर भाग आणि दुरुस्तीचे ठिगळ उठून दिसतात. ताऱ्यासारख्या पसरलेल्या बारीक भेगा तिथे कधीतरी जोरदार धक्का बसल्याचे सांगतात. तळावर बारीक फोड असतील तर आत पाणी मुरले आहे. असा फोड टोचल्यावर व्हिनेगरसारख्या आंबट वासाचे पाणी आले, तर ते मुरलेले पाणी रेझिनपर्यंत पोहोचले आहे असे समजावे. फक्त एकाच भागाला ताजा रंग असेल, तर तिथे काय झाले होते हे विचारावे आणि दुरुस्तीचे बिल मागावे.

दुसरी तपासणी कानांनी होते. लाकडी मुठीने किंवा प्लास्टिकच्या लहान हातोडीने तळावर दर चार बोटांवर हलके ठोकत जावे. घट्ट फायबर खणखणीत वाजते. थर सुटलेले असतील किंवा आत ओल असेल तर आवाज बद्द येतो. माठ घेताना आपण जसा वाजवून पाहतो, तसेच हे आहे. बद्द आवाजाच्या जागा खडूने आखून घ्याव्यात. शेवटी खडूची वर्तुळे किती आणि कुठे आहेत, यावरून दुरुस्तीचा अंदाज येतो.

तिसरी गोष्ट पठाणाची, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याची. ‘पुळे’ या नावाचा संबंध पुळणीशी, किनाऱ्याच्या वाळूशी जोडला जातो. वाळूच्या किनाऱ्यावर बोट दिवसातून अनेकदा पुळणीला लागते, लाटेबरोबर आपटते आणि ओढून वर घेतली जाते. धक्क्याला लागणाऱ्या बोटीपेक्षा अशा बोटीचा पठाण लवकर झिजतो. हात फिरवल्यावर फायबरचे धागे बोटांना लागत असतील, तर संरक्षक थर संपला आहे.

बोट लाकडी असेल तर फळ्यांच्या जोडांत आणि पठाणालगत चाकूचे टोक हलकेच दाबून पाहावे. सकस लाकूड टोकाला अडवते. टोक सहज आत शिरले, तर लाकूड कुजले आहे किंवा समुद्री किड्याने पोखरले आहे.

मागची पाटी सर्वात महत्त्वाची का?

बोटीच्या मागच्या ज्या उभ्या पाटीवर इंजिन बसते, तिला कारागीर ट्रान्सम म्हणतात. इंजिनाचे वजन आणि त्याचा सगळा जोर हीच पाटी पेलते. अनेक फायबर बोटींत या पाटीच्या आत प्लायवूड असते. इंजिनाच्या बोल्टभोवतीचे सीलिंग गेले की त्या भोकांतून खारे पाणी आत झिरपते आणि प्लायवूड आतून भुसभुशीत होते. बोटीतील ही सर्वात महागडी दुरुस्ती ठरू शकते, कारण त्यासाठी इंजिन उतरवून पाटी फोडावी लागते.

तपासणी सोपी आहे. इंजिन अर्धे वर उचलून त्याच्या खालच्या भागावर हाताने दाब द्यावा आणि दुसऱ्याने त्या वेळी पाटीकडे पाहावे. पाटी हलली, वाकली किंवा बोल्टमधून तपकिरी पाणी आले, तर ती बदलावी लागणार. पाटीच्या वरच्या दोन कोपऱ्यांतील भेगाही हेच सांगतात.

इंजिनाची खरी स्थिती कशी कळते?

चांगल्या इंजिनाची किंमत अनेकदा बोटीच्या सांगाड्याएवढी असते. त्यामुळे इंजिन पाहायला ओळखीचा, पण विकणाऱ्याशी संबंध नसलेला मेस्त्री न्यावा. तिथे पोहोचताच पहिल्यांदा इंजिनाला हात लावावा. ते गरम असेल तर आधीच चालवून ठेवले आहे. थंड इंजिन किती प्रयत्नांत सुरू होते, यावर बरेच काही कळते आणि गरम इंजिन नेमके तेच लपवते. त्या दिवशी परत येणे आणि दुसऱ्या दिवशी न कळवता जाणे चांगले.

इंजिन कधीही कोरडे चालवू नये. काही सेकंदांतच पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा खराब होतो. पिंपात किंवा नळाची जोडणी देऊन ते सुरू करावे आणि मागून पडणारी पाण्याची बारीक धार पाहावी. धार जोमदार आणि अखंड हवी. ती क्षीण असेल तर छिद्रात कचरा अडकला आहे किंवा पंप झिजला आहे. पुळणीवर उथळ पाण्यात चालणारे इंजिन पाण्याबरोबर वाळूही ओढते आणि ती वाळू हा पंखा घासत राहते. पंप शेवटचा कधी बदलला, या प्रश्नाचे उत्तर मालकाला पटकन देता आले नाही, तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे.

यानंतर तीन तपासण्या कराव्यात. पहिली, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजणे. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल, तर आतील काम निघणार. दुसरी, खालच्या भागातील गिअर ऑइलचे थोडे थेंब काढून पाहणे. ते दुधाळ असेल तर सील गेले आहे आणि पाणी आत शिरले आहे. त्यात धातूचा चमकता चुरा असेल तर गिअर झिजले आहेत. तिसरी, इंजिन बंद ठेवून पंखा हाताने फिरवणे. पात्यांपेक्षा मधल्या दांड्याकडे लक्ष द्यावे. तो डोलत असेल तर पंखा कधीतरी खडकावर आदळला आहे. आधुनिक फोरस्ट्रोक इंजिनांत किती तास कोणत्या वेगाने चालले, याची नोंद साठते. अधिकृत मेस्त्री ती संगणकावर काढून देऊ शकतो. ‘फार वापरली नाही’ या वाक्यापेक्षा तो कागद खरा.

इंजिनाच्या खालच्या भागाला जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा एक तुकडा लावलेला असतो. खाऱ्या पाण्यातली झीज इंजिनाने सोसू नये, म्हणून हा तुकडा झिजतो. तो अर्धा संपलेला दिसला तर घाबरू नये, तो आपले काम करत आहे. वर्षानुवर्षे वापरलेल्या इंजिनावर तो नव्यासारखा दिसला किंवा त्यावर रंग मारलेला असला, तर मात्र झीज इंजिनाच्याच धातूने सोसली आहे. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने इंजिन धुतले जात होते का, हेही विचारावे. मालकाला विचारून झाल्यावर तोच प्रश्न बोट चालवणाऱ्या मुलाला विचारावा. दोन्ही उत्तरे जुळली तर ठीक.

टाकी, वायर आणि पेट्रोल

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणच्या पावसाळ्यात तीन महिने अर्धी भरलेली टाकी तशीच राहिली, तर पेट्रोलखाली पाणीमिश्रित थर साचू शकतो. जुन्या रबरी नळ्यांनाही हे मिश्रण मानवत नाही. नळी वाकवून पाहावी. भेगा दिसल्या किंवा ती चिकट झाली असेल तर ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. बंद कप्प्यात पेट्रोलचा वास आला, तर तो आधी कुठून येतो ते शोधल्याशिवाय कोणतेही बटण दाबू नये.

वायरचे टोक थोडे सोलून पाहावे. तांबे हिरवट-काळे झाले असेल तर खारे पाणी आत शिरले आहे. तळातील पाणी उपसणारा पंप प्रत्यक्ष पाणी ओतून चालवून पाहावा. चालक बोटीबाहेर फेकला गेला तर इंजिन बंद करणारी दोरी ओढून इंजिन खरोखर थांबते का, हे तपासावे. अनेक बोटींत हा स्विच बिघडल्यावर तो जोडून टाकलेला असतो. पर्यटक पाण्यात असताना चालकाविना फिरणारी बोट म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही.

समुद्रातील चाचणीत काय पाहावे?

ही चाचणी समुद्र शांत झाल्यावर, जलवाहतुकीला परवानगी मिळाल्यावरच करावी. आदल्या दिवशी तळ पूर्ण कोरडा पुसून घ्यावा. कारण पावसात उभ्या राहिलेल्या बोटीत पाणी असतेच आणि ‘ते पावसाचे आहे’ हे उत्तर तयार असते. कोरडी केलेली बोट अर्धा-पाऊण तास चालवून परतल्यावर तळात पाणी सापडले, तर ते पावसाचे नाही.

रिकामी बोट कोणतीही पळते. धंद्यात ती भरलेली असते, म्हणून चाचणीही वजनासह व्हावी. २० लिटरचा पाण्याचा जार म्हणजे साधारण २० किलो. सहा प्रवाशांच्या जागी असे २० जार घट्ट बांधून ठेवले की पुरेसे वजन होते आणि चाचणीत माणसांचा जीवही टांगणीला लागत नाही. बोटीवर मोजकीच माणसे असावीत आणि प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे. पूर्ण वजनासह पूर्ण वेग दिल्यावर इंजिन कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत जाते का, ते पाहावे. जात नसेल तर पंखा चुकीचा आहे, इंजिन थकले आहे किंवा पाणी मुरून बोट जड झाली आहे. सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे, रिव्हर्स गिअर टाकून पाहावा, बोट थांबवून गरम इंजिन पुन्हा सुरू करावे. थंडपणी सुरू होणारी काही इंजिने गरमपणी रुसतात आणि ते कळते भर समुद्रात.

चाचणीची जागाही जपून निवडावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिन चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. प्रशिक्षित यंत्रणेच्या बाबतीत हे घडू शकते, तर अनोळखी इंजिनाची चाचणी पोहणाऱ्यांच्या आणि इतर बोटींच्या गर्दीत घेणे हा निव्वळ जुगार आहे.

मासेमारीची जुनी बोट पर्यटनासाठी घेतली तर?

ही बोट स्वस्त मिळते, म्हणून मोह होतो. पण मासेमारीच्या बोटीत वजन खाली, तळाशी असते. तीवर बाकडी आणि छत चढवून माणसे बसवली की वजन वर सरकते आणि बोट कलंडण्याचा धोका वाढतो. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे पर्यटकांची बोट उलटून २२ जणांचा मृत्यू झाला. मासेमारीच्या बोटीत फेरफार करून ती पर्यटनासाठी वापरली जात होती आणि तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, असे त्यानंतर समोर आले. आपल्या किनाऱ्यावर २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. बोटीत छत, बाकडी किंवा जास्त ताकदीचे इंजिन नंतर बसवलेले असेल, तर त्या बदलासह सर्वेक्षण झाले आहे का, हे विचारावे. झाले नसेल तर ती बोट प्रवाशांसाठी घेऊ नये, मग किंमत कितीही कमी असो.

व्यवहार कसा लिहावा?

पावसाळ्यात बोट पसंत पडली तर पूर्ण रक्कम देऊ नये. कागद आणि तळ पाहून विसार द्यावा. उरलेल्या रकमेतील ठळक हिस्सा समुद्रातील चाचणीनंतर आणि मालकी बदलाची नोंद झाल्यावर देण्याचे लेखी ठरवावे. करारात बोटीचा नोंदणी क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, सोबत मिळणाऱ्या वस्तू, म्हणजे ट्रॉली, नांगर, जादा पंखा, जाकिटे यांची यादी आणि चाचणीची अंतिम तारीख असावी. चाचणीत ठरावीक दोष निघाले तर कोणाचा खर्च, हेही लिहावे. रक्कम बँकेमार्फत द्यावी. मोठी बोट असेल तर स्वतंत्र सागरी सर्वेक्षकाचा अहवाल घ्यावा. त्याची फी दुरुस्तीच्या पहिल्या बिलापेक्षा सहसा कमी भरते.

विकणाऱ्यालाही यात तोटा नाही. मालकी बदलाची नोंद झाली नाही, तर उद्या अपघात झाल्यावर कागदावर मालक तोच राहतो. प्रामाणिक मालक म्हणूनच या अटी नाकारत नाही. जो चाचणीची अट ऐकूनच घाई करू लागतो, ‘दुसरे गिऱ्हाईक उद्या येतेय’ म्हणतो, त्याची बोट त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला खुशाल घेऊ द्यावी. पुढच्या पावसाळ्यात आणखी बोटी पुळणीवर येणारच आहेत.